मैत्री, नोकरी आणि घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अठरा वर्षं मी पुण्यात समुपदेशनाचं काम करते. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या कंपन्यांमध्ये कामाच्या ताणाबद्दल बोलायला जाते. बोलणं संपल्यावर सभागृहात फारसं कुणी काही विचारत नाही. रात्री साडेदहानंतर मेसेज यायला लागतात. त्यातले बरेचसे झोपेपासून किंवा पगारापासून सुरू होतात आणि मैत्रीवर येऊन थांबतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. समतोल म्हणजे वेळेत घरी येणं, पुरेशी झोप, सुट्टी. यात मित्र कुठून आले?

वेळेत घरी येणं आणि झोप हवीच, त्याला पर्याय नाही. पण नोकरी माणसाचे नुसते तास घेत नाही. हळूहळू ती आपलं बोलणं घेते, हसणं घेते, रविवारी सकाळी काय वाटावं हेही तीच ठरवू लागते. आपल्याला आतून हे दिसत नाही. घरच्यांना दिसतं, पण घराचे हप्ते त्यांच्याही डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे ते बरेचदा गप्प बसतात. जुन्या मित्राला आपल्या पदाशी काही देणंघेणं नसतं. तो आपल्याला नोकरीच्या आधीपासून ओळखतो, म्हणून झालेला फरक त्याला चटकन कळतो.

२०१४ साली मी एका संस्थेत पूर्णवेळ काम करत होते. शाळेतल्या आम्ही चौघी रविवारी वेताळ टेकडीवर जायचो. एकदा खाणीपाशी बसलो असताना एक मैत्रीण म्हणाली, "तीन रविवार झाले, तू चढताना गुणगुणली नाहीस गं." मी चढताना गुणगुणते हे मलाच माहीत नव्हतं. त्याच आठवड्यात मी कामाचे तास कमी करण्याबद्दल वरिष्ठांशी पहिल्यांदा बोलले.

२. याला काही शास्त्रीय आधार आहे, की हे आपलं भावनेचं बोलणं?

आधार आहे. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ मध्ये सुरू झालेला एक अभ्यास अजून चालू आहे. मूळच्या ७२४ पुरुषांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं, पुढे त्यांच्या बायका-मुलांनाही त्यात घेतलं. पन्नाशीत जे आपल्या नात्यांबद्दल समाधानी होते, ते ऐंशीत जास्त ठणठणीत निघाले. पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरूनसुद्धा इतका चांगला अंदाज बांधता आला नव्हता. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र तपासले. त्यात मिळून तीन लाखांहून जास्त माणसं होती. ज्यांची नाती घट्ट, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता साधारण ५० टक्क्यांनी जास्त दिसली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातल्या दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा सतावतो.

एक सांगायला हवं. या अभ्यासांतल्या 'नात्यां'मध्ये जोडीदार, भावंडं, शेजार हे सगळं येतं. शिवाय ज्याची तब्येत बरी तोच घराबाहेर पडतो, माणसं जोडतो, हेही खरं. त्यामुळे मित्र जमवा आणि आयुष्य वाढवा, असं मी कुणाला सांगत नाही.

३. टिकाऊ मैत्री कशाला म्हणायचं? माझ्या शाळेच्या ग्रुपमध्ये साठ जण आहेत, रोज गुड मॉर्निंग येतं.

तो ग्रुप असू दे. कुणाला रक्त हवं असलं, कुणाच्या मुलीला वसतिगृह शोधायचं असलं, की तोच धावून येतो. पण साठही जण जवळचे असू शकत नाहीत. रॉबिन डनबार या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात मांडलं की माणसाला साधारण दीडशे जणांशी खरं नातं ठेवता येतं. त्या दीडशेच्या आत लहान लहान वर्तुळं असतात: अगदी आत ५, मग १५, मग ५०. आतल्या पाचांत घरचेही धरलेले आहेत. म्हणजे जिवाभावाच्या मित्रांसाठी मुळात दोन-तीनच जागा उरतात.

मी माझ्याकडे येणाऱ्यांना एवढंच विचारते: ऑफिसात तुमच्या हातून चूक झाली, सर्वस्वी तुमचीच, आणि सांगायला लाज वाटेल अशी. ती जशीच्या तशी कुणाला सांगाल? जे नाव मनात आलं, तो तुमचा मित्र. कुणाचंच नाव आलं नाही तर घाबरू नका, प्रश्न १० आणि १२ वाचा.

४. सकाळी साडेसातला हडपसरहून हिंजवडीला निघते, रात्री नऊला घरी पोचते. मैत्रीला वेळ कुठून काढू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आणि माझं उत्तर आहे की वेळ काढायला जाल तर निघणार नाही. "एकदा निवांत भेटू या" असं आपण म्हणतो आणि तो निवांतपणा वर्षानुवर्षं उगवत नाही. त्याऐवजी वार ठरवा.

आमचा वार रविवार, सकाळी साडेसहा, टेकडीचा पायथा. येणार का, असं कुणी कुणाला विचारत नाही. जिला जमणार नसेल ती कळवते. आमच्यापैकी दोघी आल्या तरी टेकडी होते. एखादी महिनाभर आली नाही तरी तिला कुणी बोल लावत नाही. यातला प्रत्येक नियम आम्ही ठेचा खाऊन शिकलो आहोत. आधी आम्ही 'सगळ्यांना जमेल तेव्हा' भेटायचो. म्हणजे वर्षातून एकदा, कुणाच्या तरी मुलाच्या मुंजीत, आणि तिथेही हातात आइस्क्रीमची वाटी घेऊन चार वाक्यं.

दर आठवड्याला जमत नसेल तर महिन्यातून एकदा भेटा, तेवढंही पुरतं. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मैत्रीला किती तास लागतात याचा अंदाज मांडला: नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५०, आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक. शाळा-कॉलेजातल्या मित्रांच्या बाबतीत हे तास कधीच भरून झाले आहेत. तुमचं घर बांधून उभं आहे, आता ते वरचेवर सारवायचं एवढंच उरलं.

जागा निवडताना विचार करा. शनिवारी संध्याकाळी डेक्कनला किंवा बाणेरला जेवायला भेटायचं म्हटलं तर गाडी लावण्यात आणि टेबलाची वाट बघण्यात तास जातो. टेकडीवर, पर्वतीवर, तळजाईला ना बिल ना रांग. एक जण पिंपरीत आणि दुसरा कोथरूडला राहत असेल तर मेट्रोचे दोन्ही मार्ग जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्थानकात एकमेकांना मिळतात. तिथे उतरायचं आणि जवळच्या अमृततुल्यात बसायचं. २०२४ च्या सप्टेंबरअखेर भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत पोचल्यापासून सातारा रस्त्याकडच्या लोकांचीही सोय झाली आहे.

जी कामं करायचीच आहेत ती सोबतीने करा. मंडईतली भाजी, लक्ष्मी रोडची दिवाळीची खरेदी, आईचे रिपोर्ट आणायला जाणं. आणि कंपनीच्या बसमध्ये तुम्ही रोज जे दीड-दोन तास बसता, त्यातला एक अर्धा तास आठवड्यातून एकदा मैत्रिणीच्या फोनसाठी ठेवा. स्वतः गाडी चालवत असाल तर मात्र नको.

५. तुम्ही नेहमी भिशीचं उदाहरण देता. भिशी तर पैशांची असते ना?

असते. बारा जणी महिन्याला हजार-हजार रुपये काढतात, चिठ्ठी निघते, ज्या बाईचं नाव निघेल तिला बारा हजार मिळतात, आणि वर्षभरात प्रत्येकीचा नंबर लागतो. पण माझ्या आईची भिशी एकतीस वर्षं चालली ती पैशांमुळे नव्हे, तारखेमुळे. महिन्याची दहा तारीख म्हणजे दहा तारीख. कुणाची सासू आजारी असो, कुणाची परीक्षा असो, दहा तारखेला कुणाच्या तरी घरी साबुदाणा वडे होणारच. 'मैत्रिणींना भेटायला जाते' असं म्हणायची त्या बायकांना चोरी होती. 'आज भिशी आहे' म्हटलं की घरात कुणी अडवत नसे.

आजही मला हे साधन फार आवडतं. रक्कम मात्र बेताची ठेवा, बुडाली तरी मैत्री बुडू नये इतकी. आणि जास्तीच्या रकमेसाठी अनोळखी माणसं आत घेऊ नका. पैशांच्या मोठ्या व्यवहाराबद्दल प्रश्न १३ पाहा.

६. मी मित्रांबरोबर गेलो की बायकोला वाटतं, घरातला वेळ कमी झाला. तिचं चुकतंय का?

बहुतेक वेळा चुकत नसतं. तुम्ही रविवारी पहाटे सिंहगडाला जाता, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन अकराला परत येता आणि दमून झोपता. तेवढ्या वेळात मुलांचं दूध, आंघोळ, गृहपाठ कुणी केला? तिने ऐकवलं ते मित्रांवरून असलं, तरी सल बहुधा या हिशेबाची असते.

तिलाही एक वार हवा, आणि त्या वेळात घर पूर्ण तुमच्याकडे हवं. पूर्ण म्हणजे डबा कुठे आहे हे विचारायला फोन करायचा नाही. माझ्याकडे आलेल्या अनेक जोडप्यांमध्ये एवढ्यानेच भांडण मिटलं. जिथे मिटलं नाही तिथे मूळ दुखणं वेगळं होतं, आणि मित्र हे नुसतं निमित्त.

७. लग्नानंतर माझ्या सगळ्या मैत्रिणी सुटल्या. आता ज्या भेटतात त्या नवऱ्याच्या मित्रांच्या बायका. हे असंच असतं का?

असंच होतं खरं, पण ते तसंच राहिलं पाहिजे असं नाही. मुलगी लग्नानंतर गाव बदलते, कधी नावही बदलते. जुन्या वहीतला तिचा नंबर चालेनासा होतो. पहिली काही वर्षं सासरच्या माणसांत आणि पुढची मुलांत जातात. पस्तिशीला तिच्या लक्षात येतं की आपल्याला 'अमक्याची आई' सोडून दुसऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. ही हाक परत मिळवण्यासारखी आहे.

आपल्याकडे बायकांना एकमेकींना भेटता यावं म्हणून कितीतरी निमित्तं करून ठेवली होती. आश्विनात हत्तीभोवती फेर धरून भोंडला आणि खिरापत ओळखणं, श्रावणात मंगळागौरीची जागरणं, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. यंदाच्या हळदीकुंकवाला सोसायटीच्या यादीबरोबर शाळेतल्या तिघींना बोलवा. वाण काय लुटायचं याचा विचार नंतर. ज्यांना ही प्रथा पटत नाही, किंवा ज्या एकट्या झालेल्या मैत्रिणीला त्यातून वगळलं जातं, तिच्यासाठी साधा तिळगुळाचा चहा ठेवा. त्यात कुणी बाहेर राहत नाही.

नवऱ्याच्या मित्रांच्या बायकांमधली एखादी तुमचीही जिवलग होऊ शकते. पण तिला एकदा तरी नवऱ्यांशिवाय भेटा.

८. ऑफिसातले मित्र खरे असतात का?

काही असतात, आणि नोकरी बदलल्यावर ते कळतं. रोज पाऊण तास डबा एकत्र खाल्ला तर वर्षाच्या २४० दिवसांत १८० तास होतात. प्रश्न ४ मधल्या हिशेबाने एवढ्यात जवळजवळ जिवलग व्हायला हवेत! पण हॉल यांना असंही दिसलं की कामापुरत्या सहवासाने तितकी जवळीक येत नाही. डब्याच्या टेबलावर अख्खा वेळ मॅनेजरबद्दल बोलण्यात गेला तर मॅनेजर बदलल्यावर बोलायला विषय उरत नाही. ज्या सहकाऱ्याच्या आईचं गाव कोणतं, त्याला झोप का लागत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, त्याला ऑफिसबाहेर भेटून बघा.

९. माझ्या जवळच्या मित्राचं अप्रेझल आता माझ्याकडे आलं आहे. काय करू?

आधी आपल्या वरिष्ठांना ही मैत्री स्पष्ट सांगा, शक्यतो लेखी, आणि मूल्यमापनाला दुसरं कुणीतरी बरोबर असू द्या म्हणून विनंती करा. मग मित्राला ऑफिसबाहेर भेटा आणि एकदाच नीट बोला: ऑफिसात त्याला झुकतं माप मिळणार नाही, आणि चहाला बसल्यावर ऑफिसचा विषय निघणार नाही.

याहून अवघड प्रसंग म्हणजे कपातीच्या यादीत त्याचं नाव तुम्ही पाहिलेलं असतं आणि तोंड उघडता येत नाही. हे मला तीन जणांनी विचारलं आहे. गुप्ततेचा शब्द दिला असेल तर तो मोडू नका. यादीवर आक्षेप असेल तर तो वरिष्ठांपुढे मांडा. पण बातमी कळेल त्या संध्याकाळी त्याच्या दारात उभे राहा, सफाई द्यायला नव्हे, नुसते सोबतीला. तो रागावेल. कदाचित वर्षभर बोलणार नाही. तरी दिवाळीला फोन करा.

१०. एका मित्राशी दहा वर्षं बोललो नाही. भांडण वगैरे नाही, राहून गेलं. आता फोन केला तर विचित्र दिसेल का?

नाही दिसणार. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हेच तपासलं. आपली आठवण काढून कुणी संपर्क केला तर समोरच्याला किती बरं वाटतं, याचा अंदाज आपण कायम कमी करतो. आणि अचानक केलेल्या संपर्काचं समोरच्याला जास्तच अप्रूप वाटतं.

लांबलचक माफी लिहू नका, त्याने समोरचा अवघडतो. एखादी दोघांची अशी आठवण लिहा: "आज गरवारे पुलावरून जाताना तुझी ती लाल लुना आठवली. कसा आहेस?" एवढं पुरे. उत्तर आलं तर फोन, आणि फोननंतर वार. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही तर अजून एकदा लिहा, मग थांबा.

नोकरीसाठी शब्द टाकायला हवा म्हणून फोन करत असाल तर पहिल्याच वाक्यात तसं सांगा. तब्येतपाण्याच्या चौकशीत दहा मिनिटं घालवून शेवटी बायोडेटा पुढे केला की समोरच्याला ती सगळी चौकशी खोटी वाटू लागते.

११. जिवलग मित्र अमेरिकेत आहे. वेळाच जुळत नाहीत.

कॅलिफोर्निया आपल्यामागे उन्हाळ्यात साडेबारा तास, हिवाळ्यात साडेतेरा तास असतं. शनिवारी रात्री पुण्यात साडेआठ वाजतात तेव्हा तिथे शनिवार सकाळचे आठ, हिवाळ्यात सात. दोघांनाही सुट्टी, दोघेही जागे. महिन्यातला पहिला शनिवार ठरवून टाका. मधल्या दिवसांत लिहिण्यापेक्षा आवाजातले निरोप पाठवा, आवाजात माणूस कळतो.

१२. नांदेडहून नोकरीसाठी आलो आहे. पुण्यातल्या लोकांचे शाळेपासूनचे कट्टे ठरलेले असतात. मला कोण सामावून घेणार?

ही तक्रार खरी आहे आणि मी पुणेकर असून ती मान्य करते. इथे माणसं वाईट नाहीत, पण त्यांची माणसं ठरून गेलेली असतात. त्यामुळे तयार कट्ट्यात शिरू बघण्यापेक्षा जिथे सगळे मिळून काहीतरी करत असतात आणि पुन्हा पुन्हा यावं लागतं, अशा ठिकाणी जा. ढोल-ताशा पथकांचा सराव गणपतीच्या कितीतरी आठवडे आधी सुरू होतो, रोज संध्याकाळी. नवख्याला कुणी नाव-गाव विचारत बसत नाही, कमरेला ढोल बांधतात. हौशी नाटकमंडळींना पडद्यामागे हात हवेच असतात: नेपथ्य उचलायला, प्रकाशयोजनेला, तिकिटं फाडायला. टेकडीवर रोज एकाच वेळी गेलात तर महिनाभरात चार जण हात करू लागतात.

दुसऱ्या भेटीपर्यंत कुणाशी सूर जुळत नाही म्हणून बरेच जण जायचं सोडतात. प्रश्न ४ मधले तास आठवा. आठवड्याला दोन तास धरले तर दोनशे तासांना जवळजवळ दोन वर्षं लागतात. तोवर नांदेडच्या मित्राचा फोन चालू ठेवा. नव्या गावात उभं राहायला जुनाच आधार लागतो.

१३. मित्राने पाच लाख उसने मागितले आहेत. दुसरा म्हणतो, कर्जाला जामीन राहा. नाही कसं म्हणू?

आधी कायदा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले तर बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते, आणि ते कर्ज तुमच्या पत-अहवालातही दिसतं. उसने देत असाल तर २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने देऊ-घेऊ नका, आयकर कायद्यात त्याला मनाई आहे. बँकेतून द्या आणि दोघांच्या सहीचा कागद करा. "भेट म्हणून दे" असं कुणी सुचवलं तर लक्षात ठेवा, कायद्याच्या लेखी मित्र हा नातेवाईक नसतो. नातेवाईक नसलेल्यांकडून मिळालेली रक्कम वर्षात ५०,००० च्या वर गेली की घेणाऱ्याला तिच्यावर कर लागतो.

आता मनाचं. जी परत आली नाही तरी त्याच्याशी तुम्ही पूर्वीसारखं बोलू शकाल, तेवढीच रक्कम द्या. ती पाच लाखांऐवजी चाळीस हजार असली तरी चालेल. नाही म्हणायचं तर त्याच दिवशी म्हणा. 'बघतो' म्हणून महिनाभर टांगून ठेवणं नकारापेक्षा जास्त लागतं. आणि पैसे नसले तरी त्याच्याबरोबर बँकेत जाणं, खर्चाचं कागदावर मांडून बसणं, हे देता येतं.

१४. फोन नेहमी मीच करते. ही मैत्री एकतर्फी आहे का?

काही माणसं फोन करणारी असतात, काही फोन आल्यावर फुलणारी. फोन कुणी केला हे मोजू नका, फोनवर तुमची चौकशी होते का ते बघा. होत असेल तर तुम्ही करत राहा. तिच्या घरी तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल तर वर्ष-दोन वर्षं हिशेब बाजूला ठेवा. हे काहीच नसेल आणि प्रत्येक फोननंतर तुम्हाला रितं वाटत असेल, तर एकदा तिला तसं सांगा. त्यानंतरही बदल झाला नाही तर फोन कमी करा. भांडायची गरज नाही.

१५. आम्ही मित्र दर महिन्याला भेटतो, पण क्रिकेट, गाड्या आणि शेअर बाजार सोडून काहीच बोलत नाही.

पुरुषांकडून हा प्रश्न येतो तेव्हा मला बरं वाटतं, कारण विचारणाऱ्याला काहीतरी बोलायचं असतं. टेबलाभोवती समोरासमोर बसून मनातलं बोलणं अनेकांना जड जातं. शेजारी शेजारी चालताना, गड चढताना, लांब गाडीने जाताना ते सोपं होतं, नजर चुकवावी लागत नाही. सुरुवात तुम्ही करा, स्वतःच्या गोष्टीपासून: "गेले दोन महिने मला सोमवार जवळ आला की पोटात गोळा येतो." आणि "कसं चाललंय" याला "मजेत" असं उत्तर आलं की थोडं थांबून पुन्हा विचारा. दुसऱ्यांदा विचारल्यावर खरं उत्तर येतं.

१६. मित्र कामाच्या ताणाने पार खचला आहे. "सगळं संपवावंसं वाटतं" असं म्हणाला. मी काय करू?

हे वाक्य कधीही हलकं घेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, आणि स्पष्ट विचारा: "जीव द्यायचा विचार येतो का? काही ठरवलं आहेस का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती चुकीची आहे. उलट कुणीतरी थेट विचारलं म्हणून मोकळं होता येतं. "बायकोमुलांचा विचार कर", "लोकांचं बघ किती वाईट आहे" असलं काही बोलू नका. ऐका.

केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. त्याच्यासमोर बसून तुम्हीच फोन लावा. धोका अगदी जवळचा वाटत असेल तर सरळ रुग्णालयात घेऊन जा आणि घरच्यांना कळवा. "कुणाला सांगू नकोस" असा शब्द त्याने घेतला असेल तर तो इथे मोडायचा, प्रश्न ९ मधला नियम इथे लागत नाही. पुढच्या आठवड्यांत मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याच्याबरोबर जा, बाहेर बाकावर बसा. उपचार तज्ज्ञ करतील, तुम्हाला तो भार उचलायचा नाही.

१७. मला एकटं राहायला आवडतं. माझं काही बिघडलंय का?

नाही. एकांत आणि एकटेपणा यांत फरक आहे. पुस्तक घेऊन बसलेला शनिवार तुम्हाला ताजं करत असेल तर तो तुमचा हक्क आहे. एक माणूस असला तरी पुरे, पण तो प्रश्न ३ मधल्या कसाला उतरणारा असू द्या.

१८. आम्ही चौघे दर रविवारी भेटायचो. त्यातला एक गेला. आता भेटायला गेलं की त्याची रिकामी जागाच दिसते. बंद करावं का?

बंद करू नका. काही आठवडे कुणी फारसं बोलणार नाही, तरी जा.

आमच्या चौघींतली एक २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली. माझं गुणगुणणं थांबलं होतं हे जिला कळलं होतं, तीच. पुढचे दोन महिने आम्ही टेकडीवर गेलो नाही, तेव्हा जाता येत नव्हतंच. जूनमध्ये पहिल्यांदा तिघी गेलो आणि अर्ध्यातून उतरलो. पुढच्या रविवारी खाणीपर्यंत गेलो.

मित्राच्या घरच्यांना भेटत राहा, विशेषतः तेराव्यानंतर, जेव्हा बाकीचे येणं थांबवतात. त्याच्या मुलांना तो बाप होण्याआधी कसा होता ते सांगा. ते फक्त तुम्हालाच माहीत आहे. आमच्या मैत्रिणीची मुलगी आता महिन्यातून एखाद्या रविवारी आमच्याबरोबर चढते. गेल्या खेपेला तिने विचारलं, "मावशी, आई शाळेत गणितात नापास झाली होती ना? तिने कधी कबूल केलं नाही." आम्ही तिला सहामाहीचे गुणसुद्धा सांगितले.